लॉन उघडं आहे, पण नकाशात आहे का?

मागच्या अंकात मी कोरोना साथीच्या काळातल्या परमिट रूमच्या परवान्यांवर लिहिलं होतं. त्यात म्हणणं एवढंच होतं की 2020 आणि 2021 मध्ये सरकारने काय उघडलं आणि काय बंद केलं यापेक्षा ते लोकांपर्यंत कसं पोचवलं, यानेच माणसं जास्त हैराण झाली. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. मी सोलापुरात वकिली करते, लायसनची कामं बघते, आणि माझ्या मामांची एक छोटी परमिट रूम होती, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. आधी पत्र आणि त्याखाली माझं उत्तर असं देतेय, पत्रं पाठवणाऱ्यांची नावं छापत नाही, गावभर सगळे एकमेकांना ओळखतात.

ताई, होटगी रोडला आमचं गार्डन रेस्टॉरंट आहे, आत परमिट रूम आणि बाहेर लॉन. 2021 ला जिकडंतिकडं ऐकू येत होतं की मोकळ्या हवेत बसवा, आत नको, म्हणून आम्ही टेबलं लॉनवर मांडली. तर तपासणीला आलेले साहेब म्हणले बाहेर जेवण चालंल, दारू नाही. म्हणजे बंद खोलीत चालती आणि वाऱ्यावर चालत नाही, हे कसलं शास्त्र?

दादा, शास्त्र तुमच्याच बाजूने होतं, कायदा नव्हता, आणि त्या दोघांच्या मधे तुम्ही सापडलात.

परमिट रूमचा परवाना म्हणजे एफएल-3, तो राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून मिळतो, आपण ज्याला एक्साईज म्हणतो ते. लोकांना वाटतं परवाना माणसाला मिळतो किंवा हॉटेलच्या नावाला मिळतो. तो मिळतो जागेला, आणि जागा म्हणजे अर्जासोबत जोडलेला आणि मंजूर झालेला नकाशा. मामांच्या काउंटरमागे परवाना फ्रेम करून लावलेला होता आणि त्या फ्रेमच्या पाठीमागे तो नकाशा चार घड्या घालून खोचलेला असायचा, घडीवर घडी पडून मधे भोक पडलेलं. त्यात काउंटर, स्टोअर, बसायचा हॉल, मोरी, जिना सगळं फुटात मांडलेलं होतं. बाहेरच्या कडुनिंबाखाली चार टेबलं बसतील एवढी मस्त सावली होती पण कडुनिंब नकाशात नव्हता. म्हणून तिथे आम्ही कधी ग्लास नेला नाही, भजी आणि चहाच दिला.

तुमचं लॉन तुमच्या मालकीचं असेल, सातबारा नाहीतर सिटी सर्व्हेचा उतारा तुमच्या नावावर असेल, तरी मंजूर नकाशात ते 'दारू देण्याची जागा' म्हणून नसेल तर एक्साईजच्या नजरेत तिथे परवाना नाही. जागा वाढवायची तर अर्ज, नवीन नकाशा, फी, आणि महापालिका व अग्निशमनच्या परवानग्या. हे ऐकायला कटकटीचं वाटतं पण यामागे कारण आहे. 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागली आणि 14 माणसं गेली. मोकळी जागा म्हणजे आपोआप सुरक्षित जागा नव्हे, वर ताडपत्री-बांबूचं छत आणि खाली एकच जिना असला तर ती बंद खोलीपेक्षा वाईट.

पण तुमचा राग मला पटतो, कारण साथीत मोकळ्या हवेचं महत्त्व सगळ्यांनी सांगितलं आणि परवान्याच्या भाषेत ते कुणीच आणलं नाही. बंद एसी हॉलमध्ये विषाणू हवेत रेंगाळतो, उघड्यावर पांगतो, आणि प्यायला बसलं की मास्क उतरतोच, दुसऱ्या पेगनंतर आवाजही वाढतो, मग जोरात बोलताना तोंडातून जास्त थेंब उडतात. म्हणजे प्यायला बसणाऱ्यालाच मोकळ्या जागेची सगळ्यात जास्त गरज होती. त्या वेळी एक साधं परिपत्रक निघू शकलं असतं की ज्यांच्या आवारात स्वतःची मोकळी जागा आहे त्यांनी नकाशावर ती दाखवून अर्ज द्यावा, आठ दिवसांत तात्पुरती मंजुरी मिळेल, साथ संपली की मंजुरी संपली. इंग्लंडमध्ये असं झालंय. जुलै 2020 मध्ये तिथे कायदा करून फुटपाथवर टेबलं मांडायचा झटपट परवाना सुरू केला, फी जास्तीत जास्त 100 पौंड, आणि हरकतींना 7 दिवस व निर्णयाला 7 दिवस असं वेळापत्रक कायद्यातच लिहून टाकलं.

आणि सोलापूरचं म्हणून एक सांगते जे मुंबईत बसून कळत नाही. जून 2021 च्या आदेशात लेव्हल 3 ला, म्हणजे निर्बंधांच्या पाच पायऱ्यांतल्या मधल्या पायरीला, हॉटेलात बसून खायची मुभा सोमवार ते शुक्रवार दुपारी 4 पर्यंत, 50 टक्के क्षमतेने, त्यानंतर आणि शनिवार-रविवारी फक्त पार्सल. आता दुपारी 1 वाजता सोलापुरात लॉनवर कोण बसतंय? आपल्याकडे मोकळ्या जागेत बसायची वेळच संध्याकाळी 7 नंतर, फरशीवर पाणी मारून झाल्यावर. परमिट रूमचा गल्लाही तेव्हाच. म्हणजे उघडं ठेवायला मुभा होती पण ज्या वेळेत होती त्या वेळेत गिऱ्हाईक आत पंख्याखाली बसणार, बाहेर नाही. वेळ ठरवणाऱ्याने आपल्याकडच्या उन्हाचा विचार केला असता तर तीच मुभा संध्याकाळी दोन तास देऊन आतला हॉल बंद ठेवता आला असता, आणि मला खात्री आहे त्याने धोका कमी झाला असता.

आता तुम्ही काय करायचं? साथ नसताना, शांतपणे, आत्ताच लॉन नकाशात घेऊन ठेवा. परवान्याचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असतं, शेवटच्या महिन्यात नूतनीकरणाची झुंबड असते, त्याच्या बरंच आधी अर्ज टाका आणि पोच घ्या.

मॅडम, माझा मुलगा त्या वर्षी डब्लिनला शिकत होता. तो फोनवर सांगायचा की इथे सरकार म्हणतंय बाहेर बसून प्या आणि पोलीस म्हणतात ते बेकायदा आहे. आम्हाला वाटलं अशी गंमत फक्त आपल्याकडेच होते. खरंच तसं होतं का?

खरं होतं काकू, आणि तुमच्या मुलाने अगदी नेमकं सांगितलं. गंमत म्हणून सोडून देऊ नका, यात आपल्याला शिकण्यासारखं खूप आहे.

आयर्लंडमध्ये पबच्या बाबतीत सुरुवातीपासूनच गुंता. 29 जून 2020 पासून जे पब जेवण देत होते तेच उघडू दिले, आणि जेवण म्हणजे किमान 9 युरोचं. नुसती बिअर देणारे गावाकडचे छोटे पब बंदच. 9 युरो हा आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसला, पण 9 युरोच्या जेवणाने विषाणू कसा थांबतो हे लोकांना काही पटलं नाही आणि त्यावरून वाद झाले. आकडा सोपा असून चालत नाही ना, कारणही त्याच वाक्यात यावं लागतं.

मग 2021 ला सरकारने सांगितलं की या उन्हाळ्यात भेटायचं तर बाहेर भेटा. लोक ऐकून बाहेर आले. मे महिन्याच्या शेवटी पब-हॉटेलं अजून बसवत नव्हती, फक्त पार्सल, त्यामुळे माणसं हातात ग्लास घेऊन डब्लिनच्या रस्त्यांवर उभी. 29 मे ला त्यांचे चीफ मेडिकल ऑफिसर टोनी होलोहन यांनी ट्विट केलं की शहरात फिरताना प्रचंड गर्दी दिसली, मोठी उघड्यावरची पार्टी चालल्यासारखी. मग उलटी ओरड सुरू झाली की बाहेर जा म्हणून तुम्हीच सांगितलं, पण बसायला बाक नाहीत, कचरापेट्या पुरत नाहीत, सार्वजनिक टॉयलेट नाहीत, मग माणसं जाणार कुठे? हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लोकांना बाहेर बोलवणं हा संदेश झाला, आणि बाहेर त्यांची सोय करणं हे काम झालं, ते काम केलं नाही तर संदेशच लोकांच्या अंगावर येतो.

7 जूनला बाहेरची टेबलं अधिकृतपणे सुरू झाली. नगरपालिकांनी फुटपाथवर टेबल-खुर्ची ठेवायला परवानगी दिली, अनेक ठिकाणी फी माफ केली. आणि मग त्यांच्या पोलिसांनी, गार्डा म्हणतात त्यांना, लक्षात आणून दिलं की पबचा परवाना पबच्या जागेपुरता आहे, समोरचा फुटपाथ त्यात येत नाही, त्यामुळे खुर्ची कायदेशीर पण खुर्चीवर बसून दारू विकत घेणं कायदेशीर नाही. होटगी रोडच्या दादांची जी अडचण तीच. तिथेही नकाशाच आडवा आला.

पुढे काय केलं ते बघा. सरकारने आधी सांगितलं की पोलिसांनी तारतम्याने घ्यावं, आम्ही कायदा दुरुस्त करतो, आणि जुलै 2021 मध्ये खरोखर कायदा केला, त्याला 30 नोव्हेंबर 2021 पर्यंतची मुदत घातली आणि पुढे ती वाढवली. म्हणजे चूक झाली, ती उघड झाली, पण आठवड्यांत दुरुस्त झाली आणि दुरुस्ती लेखी झाली. तोंडी दिलासा मिळाला म्हणून पबवाला निवांत बसला असता आणि उद्या काही अपघात झाला असता तर विमा कंपनीने पहिलं काय विचारलं असतं, परवाना आहे का?

मी वेटर आहे, वीस वर्षं झाली या लाईनला. 3 जून 2021 ला टीव्हीवर सांगितलं सगळं उघडलं, संध्याकाळी सांगितलं काही उघडलं नाही. आमच्यासारख्यानं कुणाचं ऐकायचं? पगार टेबलावर चालतो आमचा, टीव्हीवर नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं भाऊ. त्या दिवशी काय झालं ते आधी नीट मांडते कारण अनेकांच्या डोक्यात अजून ते गोळा होऊन बसलंय. 3 जून 2021 ला तेव्हाचे मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी पाच टप्प्यांत अनलॉक जाहीर केलं आणि 18 जिल्ह्यांतले निर्बंध पूर्ण उठले असं सांगितलं. काही तासांतच सरकारकडून खुलासा आला की निर्बंध उठवलेले नाहीत, प्रस्ताव विचाराधीन आहे. मग 4 जूनच्या रात्री लेखी आदेश निघाला आणि तो 7 जूनपासून, सोमवारपासून लागू झाला. (हो, डब्लिनची टेबलं ज्या दिवशी बाहेर आली तोच सोमवार.)

त्या आदेशात पाच लेव्हल होत्या आणि त्या दोन गोष्टींवर ठरायच्या, पॉझिटिव्हिटी रेट किती आणि ऑक्सिजन बेड किती टक्के भरलेत. 5 टक्क्यांखाली रेट आणि 25 टक्क्यांखाली बेड तर लेव्हल 1, आणि रेट 20 टक्क्यांच्या वर गेला किंवा बेड 75 टक्क्यांच्या वर भरले तर लेव्हल 5. दर गुरुवारी आकडे बघायचे आणि पुढच्या सोमवारपासून बदल. पद्धत म्हणून ही वाईट नव्हती, उलट मला तर बरी वाटली होती कारण त्यात कारण दिसत होतं. पण तीन आठवड्यांत, 25 जूनला, डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या रूपाच्या भीतीने ठरलं की आता कुणीच लेव्हल 3 च्या खाली यायचं नाही, मग आकडा कितीही चांगला असो. तिथून लोकांनी आकडे बघायचं सोडलं. आणि ऑगस्टच्या सुरुवातीला 2 तारखेच्या आदेशाने बऱ्याच जिल्ह्यांना सवलत मिळाली तेव्हा ज्या 11 जिल्ह्यांना मिळाली नाही त्यात आपण होतो, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर यांच्यासोबत. इकडे पेपरच्या पहिल्या पानावर 'राज्यात निर्बंध शिथिल' आणि आपल्याकडे शटर 4 ला खाली. रात्री 10 पर्यंत मुभा मिळाली ती 15 ऑगस्टपासून.

शहर वेगळं धरायचं की जिल्ह्यासोबत, हा अजून एक घोळ. वेगळा घटक धरायला निकष 10 लाख लोकसंख्येचा, आणि 2011 च्या जनगणनेत सोलापूर महापालिकेची लोकसंख्या 9,51,558. नवी पेठेतल्या दुकानदाराला हे कुठून माहीत असणार, त्याला एवढंच दिसायचं की आपल्याकडे पेशंट कमी झालेत आणि तरी दुकान बंद.

तुम्ही विचारलंत कुणाचं ऐकायचं. ऐकायचं कागदाचं, आणि कागदावर पण पहिली ओळ नाही, 'पासून' हा शब्द जिथे आहे ती ओळ. हे मी एका पोराकडून शिकले. 30 सप्टेंबर 2020 ला राज्याचा आदेश निघाला की हॉटेल आणि बार 50 टक्के क्षमतेने सुरू करता येतील, 5 ऑक्टोबरपासून. मामांकडे अक्कलकोटकडच्या गावातला एक पोरगा कामाला होता, मार्चमध्ये गावी गेलेला, सहा महिने रोजंदारीवर तुरीच्या शेतात. कुठल्यातरी ग्रुपवर 'हॉटेल बार सुरू' एवढाच मेसेज फिरत आला, तारीख कापलेली, आणि हा 1 ऑक्टोबरला सकाळी सात वाजता दारात हजर. हातात कापडी पिशवी, इस्त्री केलेला पांढरा शर्ट हँगरसकट प्लास्टिकमध्ये घालून आणलेला, काळी पँट घरूनच घालून आलेला. मामांनी दार अर्धं उघडलं आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले. जायला परत पैसे लागणार म्हणून तो तिथेच राहिला, चार दिवस खुर्च्या पुसल्या, टेबलांमध्ये अंतर मोजून पांढऱ्या रंगाने फरशीवर खुणा केल्या. दारात पाटी होती तिच्यावर मी खडूने लिहून दिलं, 'सोमवार ता. 5 पासून, निम्मी टेबलं, मास्क'. तो म्हणाला, ताई एवढंच आलं असतं मोबाईलवर तर मी रविवारी आलो असतो.

एवढंच. दिवस, तारीख, कुठली हद्द, बसून की पार्सल, आत की बाहेर, किती वाजेपर्यंत. प्रत्येक जाहीर निवेदनात हे सगळ्यात वर हवं आणि मंत्र्यांनी कागद सही होईपर्यंत थांबायला हवं. चार तास उशिरा कळलं तर वेटरचं काही बिघडत नाही, चुकीचं कळलं तर बिघडतं.

बार 5 ऑक्टोबरला उघडले आणि आमचा विठोबा कुलपात. हे वारकऱ्याला कसं पटावं? मी पंढरपूरचा आहे, दुकान मंदिराजवळ आहे.

नाही पटलं, आणि पटेल असं कुणी सांगायचा प्रयत्नही केला नाही हे माझं दुःख आहे. विठ्ठल मंदिर मार्च 2020 पासून बंद, त्या वर्षीची आषाढी 1 जुलैला, पालख्यांच्या पादुका एसटीने पंढरपुरात आल्या, पायी वारी नाही. एवढं मोठं दुःख वारकऱ्यांनी शांतपणे सोसलं. आणि मग बार 5 ऑक्टोबरला आणि मंदिरं 16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. मधल्या काळात मंदिरं उघडण्यावरून राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यातल्या पत्रांची बातमी झाली पण तुमच्या दुकानासमोर उभ्या माणसाला उत्तर मिळालं नाही.

मला जे कारण दिसतं ते सांगते. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावरचा कर राज्याच्या थेट हातात असतो, आणि साथीत राज्यांकडे पैसा येण्याच्या वाटा फार कमी उरल्या होत्या. मे 2020 मध्ये दुकानं उघडली तेव्हा दिल्लीने छापील किमतीवर 70 टक्के कोरोना शुल्क लावलं ते त्यासाठीच. दुसरं, 50 टक्के टेबलं मोजता येतात, एकादशीची गर्दी मोजता येत नाही. ही दोन्ही कारणं लपवण्यासारखी नाहीत. दवाखान्यांना पैसा लागतोय, डॉक्टरांचे पगार द्यायचेत, म्हणून हे उघडतोय असं कुणी माईकवर स्पष्ट म्हणालं असतं तर वारकरी नाराज झाला असता पण त्याला अपमान झाल्यासारखं वाटलं नसतं. लोक दारिद्र्य समजून घेतात हो, आपल्या भागात तर नक्कीच.

माझी आई विडी वळते, अशोक चौकाजवळ राहतो आम्ही, घरात तेलुगू. रिक्षावरून भोंगा जायचा तेव्हा ती विचारायची काय म्हणाला गं तो. मला पण निम्मं कळायचं नाही. सरकारनं आपल्या भाषेत सांगावं असा काही नियम नाही का?

बाळा, राज्याची राजभाषा मराठी आहे त्यामुळे आदेश मराठीत निघणार, तो नियमच आहे. पण दुसऱ्या भाषेत समजावून सांगायला कुठलाच कायदा आड येत नाही. पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलणारे विणकर, इकडे कन्नड, तिकडे उर्दू, सोलापूरचा प्रत्येक रिक्षावाला तीन भाषांत भाडं सांगतो, मग भोंगा एका भाषेत का?

आणि तुला मराठी शाळेत शिकूनही निम्मं कळलं नाही याचं कारण तू नाहीस. ते शब्द बघ, 'आस्थापना', 'अनुज्ञेय राहील', 'प्रतिबंधित क्षेत्र'. आस्थापना म्हणजे दुकान, अनुज्ञेय म्हणजे चालेल. प्रतिबंधित क्षेत्र कुणी म्हणायचं नाही, लोक म्हणायचे 'त्या बोळात पत्रे ठोकले'. पत्रे ठोकले म्हटलं की तुझ्या आईला क्षणात कळतं की तिकडून पानं-तंबाखू आणायला जायचं नाही. एप्रिल 2020 मध्ये साथ पूर्व भागातल्या दाट वस्तीत शिरली तेव्हा सगळ्यात जास्त समजावून सांगायची गरज तिथेच होती. तिथल्या विडी कारखान्यातली एखादी बाई, मशिदीतला माईक, मंदिरातला माईक, शाळेतली तेलुगू बाई, यांच्या तोंडून तीच चार वाक्यं आली असती तर भोंग्यापेक्षा दहापट कामाची झाली असती. पुढच्या वेळी आपल्या नगरसेवकाला हे आधीच सांगून ठेव, मी पण सांगणार आहे.

लग्नाच्या लॉनवर पाहुण्यांना द्यायची असेल तर वेगळं लायसन लागतं का?

लागतं. एक दिवसाचा परवाना मिळतो, एफएल-4अ, एक्साईजकडे आधी अर्ज करायचा, माल परवानाधारक दुकानातूनच घ्यायचा. पिणाऱ्याकडेही परमिट हवं, ते एक दिवसाचं 5 रुपयांना मिळतं, वर्षाचं 100 रुपये, आजीवन 1000. बिअरला वय 21 आणि कडक दारूला 25. साथीत समारंभच 50 माणसांत उरकत होते तेव्हा हा प्रश्न कमी आला, आता परत रोज येतो.

आम्ही जुळे सोलापूरला राहतो. घरासमोर मोकळा प्लॉट आहे. लॉकडाऊनमध्ये पार्सल सुरू झालं तेव्हापासून माणसं तिथं बसून प्यायला लागली, बार उघडले तरी ती सवय गेली नाही. माझी मुलगी क्लासवरून येते ती लांबचा रस्ता घेऊन. तुम्ही सगळं मोकळ्या हवेच्या बाजूनं लिहिता, आमच्या बाजूनं कोण?

वहिनी, मागच्या अंकात हे लिहायला हवं होतं आणि ते राहिलं, चुकलं माझं.

मे 2020 मध्ये केंद्राने दारूची दुकानं उघडायला मुभा दिली त्याच आदेशात लिहिलं होतं की दुकानापुढे एका वेळी पाचपेक्षा जास्त माणसं नकोत, 6 फुटांचं अंतर हवं, आणि सार्वजनिक जागी दारू पिणं बंद. मग आपल्या राज्यात 15 मेपासून घरपोच दारूही सुरू झाली. म्हणजे बसायची जागा बंद आणि बाटली चालू. एका खोलीत आई, बायको, तीन लेकरं असलेला माणूस ती बाटली घेऊन कुठे जाणार, हा प्रश्न कुणीही विचारला नाही. तो एकतर घरात प्याला, आणि त्या महिन्यांत घराघरांत काय झालं ते माझ्याकडे नंतर आलेल्या बायकांनी मला सांगितलंय, नाहीतर तुमच्या समोरच्या प्लॉटवर येऊन बसला. परवाना असलेल्या लॉनवर निदान मालक जबाबदार असतो, बंद करायची वेळ असते, दिवा असतो. तुमच्या प्लॉटवर यातलं काहीच नाही, आणि मोकळ्या हवेच्या बाजूने मी बोलते ती अशा उघड्यावरच्या अड्ड्यांसाठी नाही.

आता करायचं काय. जिथे रोज जमून पितात आणि कुणी त्यांना ग्लास, पाणी, चकणा पुरवतो, तिथे महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम 68 लागतं, बिनपरवाना प्यायचा अड्डा चालवल्याचं, आणि तिथे पिणाऱ्यांवर कलम 84. धाब्यांवर धाड पडते ती याच कलमांखाली. तुमच्या कोपऱ्यावर संध्याकाळी अंडाभुर्जीची गाडी लागते का आणि ग्लास तिथूनच जातात का ते आधी बघा, बहुतेक वेळा धागा तिथे सापडतो. नुसता नशेत धिंगाणा असेल तर कलम 85. त्या क्षणी भीती वाटली तर 112 ला फोन. पण फोनने गाडी येते आणि जाते, म्हणून लेखी अर्ज द्याच, एक पोलीस ठाण्यात, एक एक्साईजच्या अधीक्षकांकडे आणि तिसरा महापालिकेत, प्लॉट कुणाचा आहे ते शोधून मालकाला कुंपण आणि दिव्यासाठी नोटीस काढा म्हणून. अर्जात 'नेहमी' असं लिहू नका, आठ दिवस वहीत टिपून तारीख आणि वेळ लिहा, किती माणसं, कुठल्या कोपऱ्यात, फोटो काढायला स्वतः जाऊ नका, गच्चीवरून मिळाला तर ठीक. शेजारच्या चार घरांच्या सह्या घ्या, बायकांच्या घ्या. पोच घेतलेली प्रत घेऊन या, पुढचा अर्ज मी लिहून देते, त्याची फी नाही.